कोबीच्या झाकणावरचा शब्द

१

आपण मूर्ख आहोत हे यिनह्वान सगळ्यांच्या आधी स्वतःच सांगून टाकायची. लोकांना बोलायला जागाच ठेवायची नाही, असा तिचा हिशेब. वाचता येत नसल्याने ती एकदा चुकीच्या बसमध्ये बसली होती आणि भाचीच्या लग्नाऐवजी भलत्याच कुणाच्या लग्नाला जाऊन पोचली होती. नवरीमुलगी बाहेर आली तेव्हा कळलं, ही आपली नव्हे. तोवर पैशाचं लाल पाकीट देऊन झालं होतं आणि डुकराच्या रश्श्याची दुसरी वाटीही संपली होती. ही गोष्ट ती दर नव्या वर्षाला सांगायची आणि दर वेळी त्यात एक वाटी वाढायची.

पण कोबीच्या झाकणाची गोष्ट तिने कधी पूर्ण सांगितली नाही. अर्धीच सांगितली, हसण्यापुरती.

होंगसुंग हे डोंगराच्या कुशीतलं लाकूडतोड्यांचं गाव. हिवाळ्यात तिथे चार वाजताच अंधार पडतो. त्या वर्षी जिल्ह्याने बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग काढला. दुपारी दोन ते चार, शाळेच्या मागच्या खोलीत. त्रेचाळिसाव्या वर्षी यिनह्वान पाटी घेऊन निघाली तेव्हा तिचा नवरा दफू चुलीच्या धगीने तापणाऱ्या कट्ट्यावर बसून बूट शिवत होता.

"लवकर ये," तो म्हणाला. "शिकलीस की ओळख विसरशील."

दफू हसायचा नाही. कधीच नाही. लाकडं वाहायच्या गाडीवर वीस वर्षं काढलेला माणूस, त्याचा चेहराही लाकडाचाच. पण संध्याकाळी ती घरी येऊन दार वाजवायची तेव्हा तो हटकून तोच खेळ करायचा.

"कोण?"

"तुझी बायको."

"ती शाळेत गेलीय."

"आले ना परत!"

"तिला वाचता येतं आता. ती कशाला येईल या घरात?"

मग आतला आडणा सरकायचा. दार उघडलं की हा आपला तोच मख्ख चेहरा. थंडीत उभं राहून यिनह्वान त्याला चार शिव्या द्यायची आणि आत येऊन गरम लापशी प्यायची. बारा दिवस हे असंच चाललं.

२

शिकवायला शाओ बाई होत्या. तालुक्याच्या गावाहून आलेल्या, बावीस वर्षांच्या, जाड चष्म्याच्या. खोलीत नऊ बायका, मधोमध लाकडाची शेगडी आणि डोंगराकडे उघडणारी एकच खिडकी. काचेवर आतून बर्फाची नक्षी.

बाराव्या दिवशी बाईंनी फळ्यावर दोन मोठी अक्षरं काढली.

"हा शब्द पाठच करायचा. साहेब तपासणीला येणार आहेत, ते हाच विचारतील. वनखात्याच्या पाट्यांवर असतो. मंगशोउ."

"म्हणजे काय?" मियाव काकूंनी विचारलं. वर्गात सगळ्यात म्हाताऱ्या त्याच, साठीच्या, तिखट.

"हिंस्र जनावर. वाघ, बिबट्या, अस्वल, लांडगा, जे माणसाला मारतं ते सगळं."

होंगसुंगमध्ये त्यातल्या कुणाचंच नाव कुणी घेत नाही. वाघाला 'थोरले' म्हणतात आणि तेही डोंगराकडे पाठ करून.

"सगळ्यांना एकाच पोत्यात घातलं?" काकू म्हणाल्या. "थोरल्यांना राग येईल हं, बाई. लांडग्याच्या शेजारी बसवलंत त्यांना."

बायका हसल्या. बाईही हसल्या. "हा सरकारी शब्द आहे, काकू. सरकारी शब्दाने कुणी येत नाही."

"सरकारी माणसंसुद्धा येत नाहीत," कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा.

यिनह्वान मात्र फळ्याकडे बघत राहिली होती. ती दोन अक्षरं तिला माहीत होती. वाचता येत नव्हती, पण चेहऱ्याने ओळखीची होती. रोज सकाळी आंबवलेल्या कोबीच्या रांजणावरचं झाकण उचलून भिंतीला टेकवताना ती अक्षरं तिच्याकडे बघायची. आंबट पाण्याने काळवंडलेली.

"अगंबाई," तिच्या तोंडून निघून गेलं, "हे तर माझ्या कोबीवर आहे!"

खोली गदगदली. मियाव काकूंनी डोळे पुसले. "म्हणून तुझा कोबी चावतो होय!"

"पाटी आहे का तुमच्याकडे? कुठून आणली?" बाईंनी विचारलं.

"पडली होती रस्त्यात," यिनह्वान म्हणाली. "फळी चांगली होती."

तीही हसली. सगळ्यांपेक्षा जरा जास्त वेळ हसली.

मग बाईंनी छडी फळ्यावर टेकवली आणि सगळ्यांकडून शब्द वीसदा म्हणून घेतला. मंगशोउ. मंगशोउ. सगळ्यांची तोंडं खिडकीकडे, डोंगराकडे होती.

३

पाटी रस्त्यात पडलेली नव्हती. ती उभी होती.

तीन वर्षांपूर्वी, शरदाच्या सुरुवातीला, यिनह्वान चिलगोज्यांसाठी खिंडीपर्यंत गेली होती. तिथे वनखात्याने नवी कोरी फळी जमिनीत ठोकलेली. चांगली जाड, रांजणाच्या तोंडाएवढी रुंद. तिने ती हलवून हलवून उपटली, पाठीवर बांधली, घरी आणली. अक्षरं खाली करून रांजणावर ठेवली आणि वर धोंडा.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा गेली. या वेळी बरोबर जाऊबाई होती, छाईयुन, दफूच्या धाकट्या भावाची बायको. पंचविशीची, बडबडी, हिरवा लोकरी रुमाल बांधणारी. चार वर्षं शाळा शिकलेली. त्या घरात वाचता येणारी ती एकटीच.

खिंडीपाशी छाईयुनने विचारलं होतं, "वहिनी, पुढे जायचं ना? इथून पुढे काही धोका नाही ना?"

"धोका असता तर काही लिहून नसतं का ठेवलं?" यिनह्वान म्हणाली होती. खरंच म्हणाली होती. चेष्टेने.

परतताना यिनह्वान पुढे होती, तिची पिशवी हलकी होती. उतारावर मागून हाक आली.

"वहिनी!"

होंगसुंगमधल्या पोराला चालायला यायच्या आधी एक गोष्ट शिकवतात. जंगलात मागून हाक आली तर वळायचं नाही आणि ओ द्यायची नाही. माणूस असेल तर पुढे येऊन भेटेल. यिनह्वान चालत राहिली. छाईयुन येईल पुढे, तिला काय पाय नाहीत?

"वहिनी!"

हाक चारदा आली. यिनह्वानने मोजल्या होत्या. चौथी अगदी शांत होती, घरात मीठ मागावं तशी.

अकरा दिवस सगळं गाव शोधत होतं. छाईयुनचं पोतं सापडलं, चिलगोज्यांनी गच्च भरलेलं, तोंडाला दोरी बांधलेलं, झाडाला टेकवून सरळ उभं केलेलं. बाकी काही नाही. हिरवा रुमालही नाही. दीर दुसऱ्या वर्षी शहरात निघून गेला आणि तिथेच त्याने दुसरं लग्न केलं.

हाकांचं यिनह्वानने कुणालाच सांगितलं नाही, दफूलाही नाही. ती छाईयुनच होती का, हे ती तीन वर्षं रोज कोबी चिरताना स्वतःला विचारायची. असेल तर आपण तिला मरायला सोडलं. नसेल तर आपण शहाणपणा केला. दोन्हीपैकी काहीही असो, कोबी तेवढाच आंबायचा.

आता तिला पाटीवर काय लिहिलंय तेही कळलं होतं. छाईयुनने ते एका नजरेत वाचलं असतं.

४

वर्गाला दहा नावं लागत होती. बायका नऊच होत्या. गावच्या कारभाऱ्याने दहावं नाव छाईयुनचं घातलं. ती सापडलीच नव्हती, त्यामुळे कागदावर ती मेलीही नव्हती. वाचता येणारी एकटीच बाई, आणि तीच निरक्षरांच्या यादीत.

तपासणीच्या आदल्या दिवशी शाओ बाईंनी यिनह्वानला बाजूला घेतलं. बाईंचे कान लाल झाले होते. "हजेरी घेताना त्या नावाला कुणीतरी 'हजर' म्हणायला हवं. साहेब वर बघतच नाहीत. तुमच्या घरचंच नाव आहे, म्हणून..."

"माझं नाव आलं की मीही म्हणू?"

"आवाज थोडा बदला."

"बाई, मला कुणी नाटकात घेतलं नाही ते बरंच झालं म्हणायचं," यिनह्वान म्हणाली. नाही म्हणायला हवं होतं हे तिला तेव्हाही ठाऊक होतं. पण बाईंचे कान फार लाल झाले होते आणि तिला नाही म्हणता आलं नाही. मूर्खपणाचं हे असंच असतं, तो नेहमी कुणाच्या तरी भल्यासाठी होतो.

साहेब आले, शेगडीपाशी बसले, चहा प्याले. हजेरी झाली. छाईयुनचं नाव आलं.

"हजर," यिनह्वान म्हणाली. घसा जरा ताणून, वरच्या पट्टीत.

साहेबांनी खरंच वर बघितलं नाही. त्यांनी फळ्यावरच्या शब्दाकडे बोट केलं, नऊजणींनी तो म्हणून दाखवला, आणि ते पाय शेकून निघून गेले.

मियाव काकू मात्र यिनह्वानकडे बघत होत्या. बाहेर पडताना रुमाल बांधता बांधता त्या हळू आवाजात म्हणाल्या, "दुसऱ्याच्या नावाला ओ दिलीस. आता ती हाक तुझी झाली."

"काकू, तपासणी होती ती. देवळातला कौल नव्हता."

"कुणी विचारलं तर तेच सांग," काकू म्हणाल्या.

५

दुसऱ्या दिवशी शाओ बाईंनी सवयीने यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

"छाईयुन."

"हजर."

बायका खुदकन हसल्या. बाईंनी वहीत खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.

यिनह्वान त्या वेळी शेगडीत लाकूड घालत होती. तिच्या तोंडात सूर्यफुलाच्या बिया होत्या. ती काही बोलली नव्हती.

मियाव काकूच, दुसरं कोण! काल उपदेश करायचा आणि आज चेष्टा. यिनह्वानने काकूंकडे बघून डोळे वटारले. काकू मान हलवत तिच्याकडे बघत होत्या, 'पुरे झालं की आता' अशा नजरेने.

तिसऱ्या दिवशी तिने मुद्दाम तोंडावर रुमाल बांधून घेतला आणि काकूंच्या ओठांवर नजर ठेवली. छाईयुनचं नाव आलं. काकूंचे ओठ मिटलेले होते. मागून, खिडकीच्या बाजूने, "हजर."

"आज आवाज छान बदललात हं," शाओ बाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या.

खोलीला प्रतिध्वनी असतो, यिनह्वानने स्वतःला सांगितलं. काच थंड, शेगडी गरम, त्याने आवाज फिरतो. मग तिने बसलेल्या बायका मोजल्या. नऊ. मग सगळ्या मिळून शब्द म्हणायला लागल्या तेव्हा तिने आवाज मोजले. आवाज मोजता येत नाहीत, हे कुठलाही शहाणा माणूस सांगेल. पण नऊ आवाज संपल्यावर जो उरतो तो मोजायला काहीच कष्ट पडत नाहीत. मंगशोउ, बायका म्हणत. आणि सगळ्या थांबल्यावर, श्वासभर उशिरा, खालच्या पट्टीत, काचेच्या पलीकडून कुणीतरी तो शब्द म्हणे. आधी अडखळत. चौथ्या दिवशी बराच स्पष्ट. पाचव्या दिवशी सगळ्यांबरोबर.

काचेच्या बाहेरच्या अंगावरचा बर्फ एका जागी वितळला होता. बशीएवढा. उभ्या माणसाचं तोंड येईल त्या उंचीवर.

"शेगडीची धग," मियाव काकू म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या वर्गाला आल्या नाहीत.

६

त्या रात्री जेवताना यिनह्वान म्हणाली, "तुला एक विचारू? छाईयुनने मला हाक मारली असती, आणि मी ओ दिली नसती, तर?"

दफूने वाटीतला कोबी संपवला. त्याची वाटी ॲल्युमिनियमची, हिची चिनीमातीची, काठाला टवका उडालेली. दोन्ही एकावर एक ठेवून तो म्हणाला, "तर तू आज इथे आहेस."

"हे उत्तर झालं का?"

"तू विचारलंस ते तरी कुठे सगळं विचारलंस?"

तीन वर्षं या माणसाला काहीच कळलं नाही असं तिला वाटत होतं. पुन्हा मूर्ख तीच.

सकाळी तिने रांजणावरचा धोंडा काढला. पाटी राखेने घासली. आंबट वास गेला नाही, पण अक्षरं वर आली, ती दोन आणि त्यांच्या आजूबाजूचीही. तिने बोट ठेवून वाचली. इथे हिंस्र जनावरांचा वावर आहे, पुढे जाऊ नये. आयुष्यात तिने पुरतं वाचलेलं ते पहिलं वाक्य होतं.

दुपारी ती वर्गाला गेली नाही. पाटी पाठीवर बांधली, हातोडी घेतली आणि खिंडीकडे निघाली. पाटी होती तिथे परत लावायची, एवढंच. आणि हाक आली तर ओ द्यायची, हेही तिने ठरवून टाकलं होतं. ती छाईयुन असली तर तीन वर्षं उशिरा का होईना, कुणीतरी तिच्याकडे बघायला हवं. आणि नसली तर? नसली तर कुणीच नाही, मग घाबरायचं कशाला? हे तिला फार बिनचूक वाटलं.

खिंडीत बर्फ गुडघ्याएवढा होता. जुना खड्डा सापडायला वेळ लागला. पाटी रोवून तिने हातोडी मारली. डोंगरातून एक एक ठोका परत येत होता. ती थांबली. ठोका आणखी एकदा आला.

उजेड निळा झाला होता. तिने पाटीवरचा शब्द मोठ्याने वाचला, नीट लागली का बघायला.

"मंगशोउ," मागून कुणीतरी म्हणालं. अगदी बरोबर उच्चार. बाईंनी शाबासकी दिली असती.

मग अगदी हळू, घरात मीठ मागावं तसं, "वहिनी."

"ओ," यिनह्वान म्हणाली आणि वळली.

हिरवा रुमाल होता. झाडाच्या दोन बुंध्यांमध्ये, माणसाच्या उंचीवर, नीट बांधलेला. खाली काहीतरी चेहऱ्यासारखं. तिने आधी तेवढंच बघितलं. मग तिला दिसलं की रुमाल जिथे संपतो तिथे ती बाई संपत नव्हती. ती मागे बरीच लांबपर्यंत होती. दुसऱ्या बुंध्याच्या पलीकडे होती, आणि त्याच्याही पलीकडे, जिथे बर्फावर काहीतरी सावकाश इकडून तिकडे झालं.

यिनह्वानने डोळे मिटले. गरम श्वास तिच्या गालावर आला. आंबवलेल्या कोबीचा वास होता त्याला, तिच्या स्वतःच्या घराचा. तो तिच्या तोंडापाशी थांबला, जसं कुणी काही वाचत असावं. मग कोट कोटाला घासून जावा तसं काहीतरी तिच्या बाजूने पुढे गेलं. उतारावर. गावाकडे.

७

ती जिवंत होती, याचंच तिला नवल वाटत होतं. पाय चालत होते. उतार संपेपर्यंत तिने स्वतःला समजावलं, थंडीत डोळे फसवतात, झाडाला जुना रुमाल अडकलेला असेल, वाऱ्याने आला असेल. गावाचे दिवे दिसले तेव्हा तिला रडू आलं आणि लगेच हसूही आलं. आता दफूला सगळं सांगायचं, चार हाकांसकट. तो काही हसणार नाही. बरंच झालं.

अंगणात ताजा बर्फ पडला होता. त्यावर पावलं होती. लोकरी नमद्याच्या बुटांची, उजव्या टाचेला ठिगळ. दफूने त्याच महिन्यात शिवलेलं ठिगळ. यिनह्वानने पाय उचलून आपला बूट बघितला. मग पुन्हा पावलांकडे बघितलं. ती फाटकातून आत जात होती, दारापर्यंत. परत आलेली नव्हती.

तिने दार वाजवलं.

"अरे, मी आहे."

आत चूल जळत होती. फटीतून उजेड येत होता.

"दफू!"

ॲल्युमिनियमच्या वाटीचा आवाज आला. आणि त्याच्या मागोमाग दुसरा, चिनीमातीचा, टवका उडालेल्या काठावर जेवायच्या काड्या लागल्याचा. तो आवाज तिने कुठेही ओळखला असता.

"म्हाताऱ्या, थंडी वाजतेय. खेळ पुरे. उघड."

तिच्या तोंडून चौथी हाक निघाली ती इतकी हळू की तिची तिलाच ओळखीची वाटली.

"मी यिनह्वान आहे."

आडणा हलला नाही. दफूचा आवाज आला, नेहमीचाच, ना हसरा ना घाबरलेला.

"ती मघाशीच आली. जेवतेय."